आंबटाचे अंकगणित

हैदराबादेत राहावयाचे आणि आंबटाशी वाकडे धरावयाचे, हे जमण्यासारखे नाही. शेजारच्या तेलुगू घरात चिंचेचे चारू उकळत असते. भाजीवाली गोंगुरा म्हणून जी जुडी पुढे करते ती आपली अंबाडीच. आणि मुसलमान स्नेह्याकडे जेवावयास गेलो तर खट्टी दाल पानात येते. आमच्या कोकणी घरात तर सोलांवाचून जेवण पुरे होत नाही. तेव्हा आंबट म्हणजे काय हे आम्हांस कोणी शिकवावे असे कधी वाटले नव्हते. जीभ हे आमचे मापयंत्र, आणि ते बिनचूक, अशी आमची समजूत होती.

ती समजूत गेल्या वर्षी दहावीच्या वर्गात मोडली. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे त्यांचे चार तास आमच्या वाट्यास आले. आम्ही कला शाखेचे पदवीधर. परंतु धडा होता आम्ले आणि अल्कली यांचा, व पुस्तक हाती होते. आदल्या रात्री आम्ही तो धडा कादंबरी वाचावी तसा वाचून काढला, आणि खरोखरच त्यात रंगून गेलो.

जीभ कशी फसते हे प्रथम कळले. लिंबाच्या सरबतात साखर घातली की आंबटपणा कमी झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात साखर आम्लाला हातही लावीत नाही. म्हणून जिभेखेरीज दुसरे माप हवे. आम्लाच्या द्रावणात हायड्रोजनचे आयन मोकळे असतात. ते एका लिटरमध्ये किती, हे मोजावयाचे. मात्र या संख्या फार लहान. शुद्ध पाण्यातही हे आयन असतात, पण किती? एक कोटी लिटर पाण्यात अवघे एक ग्रॅम! असल्या संख्या पानोपानी लिहीत बसणे कोणासही नकोसे होईल. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सॉरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने 1909 साली यावर तोड काढली. ही प्रयोगशाळा बिअर करणाऱ्या कारखान्याची होती, हे मुलांस सांगावे की न सांगावे याचा आम्हांस क्षणभर विचार पडला, शेवटी सांगितले. सॉरेन्सनने त्या संख्येतील दहाचा घातांक तेवढा उचलला व त्याचे उणे चिन्ह टाकून दिले. शंभरावा हिस्सा असेल तर 2, हजारावा असेल तर 3, कोटीवा असेल तर 7. यालाच पीएच म्हणतात. मराठीत त्यास सामू असा सुटसुटीत शब्द आहे. मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या माती परीक्षणाच्या कागदावर तो आढळेल.

या मापात अंक जितका लहान तितके आम्ल अधिक. लिंबाचा रस 2 च्या थोडा वर, दही साधारण 4 ते साडेचार, शुद्ध पाणी 7, आणि त्यापुढे अल्कली. परंतु येथे एक पायरी म्हणजे दहापट. 2 आणि 4 यांत फरक दोनाचा नव्हे, शंभरपटीचा. हे फळ्यावर लिहिताना आम्हांस स्वतःचाच अभिमान वाटू लागला होता.

त्याच भरात आम्ही एक गणित घातले. हायड्रोक्लोरिक आम्लाचे 2 सामूचे द्रावण घ्या. त्याचा एक भाग घेऊन नऊ भाग पाणी मिसळा, सामू किती? वर्ग म्हणाला, “तीन.” पुन्हा तसेच करा. “चार.” मुले तालात म्हणत गेली, पाच, सहा, सात. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “सर, आणखी एकदा पाणी घातले तर आठ. म्हणजे नुसते पाणी घालून आम्लाचे अल्कली झाले?”

आम्ही म्हणालो, “होय. गणित तसेच सांगते.”

ती बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही. रात्री जेवताना सोलकढी पुढे आली तेव्हा तोच विचार मनात. कढीत घागरभर पाणी ओतले तर ती बेचव होईल, पण तिचे चुन्याचे पाणी कसे होणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रयोगशाळेतून सात परीक्षानळ्या व रंगाच्या पट्टीवरून सामू दाखविणारे कागद मागून घेतले. (हळदीचा कागद येथे उपयोगी नाही; तो चुन्याच्या पाण्याने लाल होतो, पण आम्लात आणि पाण्यात सारखाच पिवळा राहतो.) मुलांनी नळाचे पाणी आणून एकामागून एक नळ्या भरल्या. सातव्या नळीत कागद बुडविला, आणि रंग आला आठाच्या आसपासचा! आम्ही मनातून सुखावलो. “पाहिलेत?” असे म्हणालोसुद्धा.

तीच मुलगी पुढे आली. तिने सातवी नळी पाहिलीच नाही. तिचे बोट दुसऱ्या नळीवर होते. “सर, येथे तीन यावयास हवे होते. हा रंग तर सहाच्याही पुढचा आहे.” मग कोणास न विचारता तिने एक कागद नुसत्या नळाच्या पाण्यात बुडविला. सातव्या नळीचा आणि त्याचा रंग एकच.

वर्गात शांतता पसरली. त्या शांततेत गप्प राहून तास संपविणे आम्हांस अवघड नव्हते. घंटेला पाचच मिनिटे उरली होती. आम्ही फळ्यावर कालचे उत्तर पुन्हा लिहिले, त्यावर काट मारली, आणि ते चूक होते असे सांगितले. ते का चूक, हे मात्र त्या दिवशी आम्हांस सांगता आले नाही.

ते रजेवरून परतलेल्या शिक्षकांनी आम्हांस, आणि आम्ही वर्गास, समजाविले. चुका दोन होत्या. नळाचे पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. खडकामातीतून येताना त्यात बायकार्बोनेटचे क्षार विरघळतात, ते अल्कलीसारखे वागतात, आणि थोडेसे आम्ल तर दुसऱ्याच नळीत खाऊन टाकतात. (पिण्याच्या पाण्याचा सामू साडेसहा ते साडेआठ असावा असे भारतीय मानक आहे, तेव्हा नळाच्या पाण्याचा यात काही अपराध नाही.)

दुसरी चूक आमच्या गणितातली. आम्ही आम्लाचे आयन मोजले, पाण्याचे स्वतःचे मोजलेच नाहीत. आम्ल मुबलक असते तोवर पाण्याचा वाटा विसरला तरी चालतो. पण आम्ल दहा कोटीव्या हिश्शावर येते तेव्हा पाण्याचा आपला वाटा त्याच्या जवळजवळ दहापट असतो. दोहोंचा हिशेब एकत्र मांडला म्हणजे उत्तर येते 6.98. आठ नव्हे, आणि सातही नव्हे. सातास टेकता टेकता राहिलेले.

“मग सात कशात मिळेल?” हाही प्रश्न तिचाच. आम्ही ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली आणली. ती बरेच दिवस उघडझाप झालेली होती. कागद सहाच्याही खाली गेला. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरून सौम्य आम्ल करतो, व असे पाणी साडेपाचाच्या थोडे वर येऊन थांबते. तेव्हा ते पाणी उकळून, चंबू काठोकाठ भरून, घट्ट बूच लावून निवत ठेवले. ते निवेपर्यंत मधली सुट्टी झाली होती, तरी चंबूभोवतालून एकही मूल हलले नाही.

बूच कोणी काढावयाचे, यावर मात्र दुमत नव्हते.