नाचणीची दुसरी परात

मुलांनो, वाट पाहायला कोणाला आवडतं? हा प्रश्न मी माझ्या चौथीच्या वर्गात विचारला, तर एकही हात वर आला नाही! पण आमच्या वसईतल्या ख्रिस्ती घरांत वाट पाहण्याचा एक खास काळ असतो. त्याला आगमनकाळ म्हणतात. नाताळाआधीच्या चार रविवारी चर्चमध्ये हिरव्या पानांच्या कड्यात एकेक मेणबत्ती वाढत जाते. तीन जांभळ्या, एक गुलाबी. चौथी पेटली, की नाताळ अगदी जवळ आला असं समजायचं.

१९९९ साली मी पाचवीत होते. पहिली मेणबत्ती लागली त्याच आठवड्यात बाबा नारळाच्या झाडावरून पडले. पायाचं हाड मोडलं. मुंबईच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. आई तिकडेच राहिली. घरी उरलो आजी आणि मी.

मी देवाला सांगून टाकलं, "नाताळाला बाबा घरी आलेच पाहिजेत." आणि शाळेतून आले, की पायरीवर बसून राहू लागले. अभ्यास नाही, झाडांना पाणी नाही. आजी ओरडली तर म्हणायची, "माझा देवावर विश्वास आहे. तो आणेल बाबांना."

आजीने एक दिवस भिजवलेल्या नाचणीची वाटी माझ्या हातात दिली. येशूबाळाच्या गोठ्याभोवती हिरवंगार शेत दिसावं म्हणून आमच्याकडे नाताळाआधी दहा-बारा दिवस परातीत माती घालून नाचणी पेरतात. मी पेरली आणि तिसऱ्या दिवशी उगवली का ते बघायला माती उकरली! आजीने हात धरला. "अगं, कोंब मोडतील. पाणी घालणं आपलं काम. उगवणं त्याचं. तू आपलं काम सोडतेस आणि त्याचं करायला जातेस!"

मग तिने मरियेची गोष्ट सांगितली. पोटातल्या बाळाची वाट पाहत मरिया घरात बसून राहिली नाही. डोंगराळ भागातल्या म्हाताऱ्या अलिशिबेलाही बाळ होणार होतं. मरिया तिच्याकडे गेली आणि सुमारे तीन महिने राहिली.

तेवीस तारखेला शेजाऱ्यांकडे फोन आला. जखम भरली नव्हती. बाबा नाताळाला येणार नव्हते. मी खूप रडले. "मी आता प्रार्थनाच करणार नाही," म्हणाले. आजी रागावली नाही. तिने गुपचूप आणखी मूठभर नाचणी भिजत घातली.

"ही कोणासाठी?"

"तुझ्या बाबासाठी. तो येईल तेव्हा गोठ्यातलं गवत पिवळं पडलेलं नको."

नाताळच्या आदल्या दिवशी आम्ही दुसरी परात पेरली. या वेळी मी नुसती बसले नाही. पाणी घातलं. कुबड्या अडखळू नयेत म्हणून अंगणातले दगड वेचले. बाबांची खाट खिडकीपाशी ओढली. हात कामात असले, की प्रार्थनाही आपोआप सुचायची.

३ जानेवारीला बाबा आले. गोठा आम्ही ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत ठेवतो. पहिली परात तोवर पिवळी पडली होती. दुसरी मात्र बोटभर उंच, हिरवीगार! बाबांनी तिच्यावरून हळूच हात फिरवला. त्यांचा पाय पूर्वीसारखा झाला नाही. पुन्हा ते कधी झाडावर चढले नाहीत. पण ते घरात होते.

देवाने माझी तारीख पाळली नाही, पण आम्हाला एकटंही सोडलं नाही. हे मला फार नंतर कळलं.

तुम्हीही कशाची तरी वाट पाहत असाल. कुणाची आई आजारी असेल, कुणाचे बाबा दूरगावी असतील. या डिसेंबरात आईबाबांना विचारून मूठभर नाचणी पेरून पाहा. रोज पाणी घाला.

आणि हो, उकरून बघायचं नाही हं!