उमेदवारीचे दिवस

'हौशी' आणि 'धंदेवाईक' हे दोन शब्द मराठी माणसाला रंगभूमीमुळे परिचित झाले. हौशी नट संवाद विसरला तर प्रेक्षक हसून त्याला क्षमा करतात. धंदेवाईक नटाला ती सवलत नसते, कारण तिकिटाचे पैसे मोजलेले असतात. मुष्टियुद्धाच्या जगातही हीच विभागणी आहे; मात्र तेथे चुकीची किंमत जबड्यावर, बरगड्यांवर आणि पुष्कळदा मेंदूवर वसूल होते. म्हणूनच हौशी मुष्टियोद्ध्याने किती उमेदवारी करून धंद्यात उतरावे, हा प्रश्न एखाद्या तरुणाच्या साऱ्या पुढल्या आयुष्याचा प्रश्न असतो.

या प्रश्नाचे सर्वांत धाडसी उत्तर पीट रॅडमाकर या अमेरिकन योद्ध्याने दिले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने सर्वांत वरच्या वजनगटाचे सुवर्णपदक जिंकले आणि २२ ऑगस्ट १९५७ रोजी सिअ‍ॅटल येथे आयुष्यातील पहिल्याच व्यावसायिक लढतीत तो थेट जगज्जेत्या फ्लॉइड पॅटर्सनसमोर उभा राहिला. दुसऱ्या फेरीत त्याने पॅटर्सनला जमिनीवर पाडले. क्षणभर सारे शहाणपण उलटेपालटे झाले असावे. पण पॅटर्सन उठला, आणि त्यानंतर रॅडमाकर पुनःपुन्हा कोसळत राहिला. सहाव्या फेरीत सामना संपला. गंमत अशी की, जगज्जेता २२ वर्षांचा होता आणि नवखा २८ वर्षांचा. पॅटर्सननेही १९५२ साली हेलसिंकीला सुवर्णपदक मिळवले होते; परंतु त्याच वर्षी, वयाच्या सतराव्या वर्षी, तो धंद्यात उतरला होता. वयाने धाकटा असलेला त्या विद्येत थोरला होता.

ही विद्या वेगळी का असते? हौशी लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची. तेथे वेगाने ठोसे मारावेत, गुण मिळवावेत आणि दूर व्हावे. व्यावसायिक योद्धा चार फेऱ्यांपासून आरंभ करतो आणि बारा फेऱ्यांपर्यंत जातो. त्याचे हातमोजे बहुधा हलके असतात. दम कोठे राखावा, प्रतिस्पर्ध्याच्या बरगड्यांवरील ठोशाचे व्याज आठव्या फेरीत कसे वसूल करावे, पंचाची पाठ वळताच समोरचा काय करील, हे नऊ मिनिटांच्या शाळेत शिकवले जात नाही. युक्रेनच्या व्हासिल लोमाचेंकोइतकी दीर्घ उमेदवारी क्वचितच कोणी केली असेल. जवळजवळ चारशे हौशी लढतींत केवळ एक पराभव आणि २००८ व २०१२ ची दोन ऑलिंपिक सुवर्णपदके त्याच्या गाठीशी होती. तरीही मार्च २०१४ मध्ये, दुसऱ्याच व्यावसायिक सामन्यात, ओर्लांडो सालिदो या मुरलेल्या मेक्सिकन गड्याने कमरेखालच्या ठोशांसह धंद्यातले सारे आडमार्ग वापरून त्याला गुणांवर हरवले. पण तीनच महिन्यांनी, तिसऱ्या सामन्यात, लोमाचेंको जगज्जेता झाला. उमेदवारीने त्याला पराभवापासून वाचवले नाही. पराभव पचवण्याची शक्ती मात्र दिली.

याउलट रॉकी मार्सियानोच्या हौशी लढती जेमतेम डझनभर, आणि त्यांतही काही पराभव. व्यावसायिक रिंगणात मात्र तो ४९ लढती खेळून अपराजित निवृत्त झाला. बर्नार्ड हॉपकिन्स तुरुंगात मुष्टियुद्धात रमला, १९८८ साली पहिलीच व्यावसायिक लढत हरला आणि तरी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी जगज्जेतेपद जिंकण्याइतका टिकला. तेव्हा लढतींची संख्या सांगून हा हिशेब सुटत नाही.

खरा हिशेब बहुधा पराभवाच्या किमतीचा आहे. हौशी स्पर्धेत प्रतिस्पर्धी चिठ्ठीने ठरतो. आज डावखुरा, उद्या उंच, परवा आडदांड, असा जो समोर येईल त्याच्याशी लढावे लागते आणि हरले तरी पुढच्या स्पर्धेची दारे उघडी असतात. धंद्यात प्रतिस्पर्धी निवडला जातो आणि एका पराभवाने योद्ध्याचा भाव उतरतो. ज्याने स्वस्तात हरण्याचे दिवस लवकर संपवले, त्याला पुढे प्रत्येक धडा महागात घ्यावा लागतो.

पण उमेदवारी लांबवण्यालाही मोल पडते. ठोसा हौशी असो वा धंदेवाईक, मेंदू दोहोंची नोंद एकाच वहीत करतो. मुष्टियोद्ध्यांच्या या व्याधीकडे हॅरिसन मार्टलँड या वैद्याने १९२८ सालीच लक्ष वेधले होते. शिवाय वय थांबत नाही. भिवानीच्या मातीतून आलेल्या विजेंदर सिंगने २००८ साली बीजिंगला मुष्टियुद्धातील भारताचे पहिले ऑलिंपिक पदक मिळवले; धंद्यात तो २०१५ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, मँचेस्टरला उतरला. ओळीने बारा विजय मिळाले. मग मार्च २०२१ मध्ये पणजीला, मांडवीच्या पात्रातील एका जहाजाच्या छतावर, आर्तिश लोपसान या वयाने लहान आणि उंचीने अधिक अशा रशियन योद्ध्याने पाचव्या फेरीत त्याची विजयमालिका खंडित केली. अनुभव त्याच्यापाशी विपुल होता. पण तो वापरायला लागणारी वर्षे हौशी रिंगणातच खर्ची पडली होती. अर्थात त्या वर्षांनीच त्याला पदक दिले आणि त्याच्यामागून हरियाणातील कित्येक मुलांना हातमोजे चढवण्याची उमेद दिली, हेही विसरून चालणार नाही.

'उमेदवार' हा शब्द फारसीतून मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ आशा बाळगणारा. मराठीने त्याला 'शिकाऊ' हा अर्थही दिला. जुन्या तालमीत उमेदवारी कधी संपली हे पोरगा स्वतः ठरवीत नसे, वस्ताद ठरवीत असे. पदके मोजून नव्हे, तर खोलवर ठोसा बसल्यावर पोराची नजर कोठे जाते हे पाहून. ती दाराकडे गेली तर आणखी एक पावसाळा मातीत. प्रतिस्पर्ध्यावरच राहिली, तर वस्तादाने त्याच्या पाठीवर हात ठेवावा आणि मग स्वतःची झोप उडवून घ्यावी. कारण त्या दिवसापासून पोराच्या जिवाची अर्धी जोखीम त्याच्याकडे आलेली असते.