बुमराची कंबर आणि आमचे गणिताचे सर

२०२५ च्या जानेवारीत आठवड्याभराच्या अंतराने दोन माणसांची कंबर धरली. पहिला जसप्रीत बुमरा. ४ जानेवारी, सिडनी कसोटीचा दुसरा दिवस. त्या मालिकेत ३२ बळी घेतलेला हा माणूस जेवणानंतर मैदान सोडून स्कॅनला गेला आणि दुसऱ्या डावात एकही चेंडू टाकू शकला नाही. ऑस्ट्रेलियाला १६२ धावा हव्या होत्या, त्यांनी आरामात केल्या. दुसरे आमच्या शाळेतले गणिताचे सर. ॲक्टिव्हा मेन स्टँडवर घेताना त्यांच्या पाठीत कट्कन आवाज झाला, ते तिथेच पायरीवर बसले आणि नंतर त्यांना उचलूनच न्यावं लागलं. मणक्यातली गादी सरकली होती. डॉक्टरांनी दोन महिने अंथरुण सांगितलं.

दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू होणार होती. चॅम्पियन्स ट्रॉफी १९ फेब्रुवारीला. शाळेच्या स्टाफरूममध्ये या दोन तारखा सारख्याच काळजीने बोलल्या जात होत्या, हे कबूल करते.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. क्रिकेट बघते ते अब्बांमुळे. माझं माहेर श्रीरामपूर. २००० साली नैरोबीत आमच्या गावच्या झहीर खानने स्टीव्ह वॉचा त्रिफळा उडवला, तेव्हा मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते आणि अब्बांनी गल्लीत पेढे वाटले होते. झहीरचे वडील अब्बांच्या ओळखीचे होते असंही नाही. गाव एक, एवढं पुरलं.

त्यामुळे प्रमुख गोलंदाज दुखावला की काय होतं, हे मला पहिल्यांदा समजलं तेही झहीरमुळेच. २१ जुलै २०११, लॉर्ड्स. त्याने इंग्लंडचे दोन्ही सलामीवीर बाद केले आणि मग मांडीचा स्नायू धरून तो बाहेर गेला. तो पूर्ण दौराच गेला. विश्वचषक जिंकून चार महिनेही झाले नव्हते, आणि त्या विश्वचषकात झहीरचेच २१ बळी होते. त्याच्या जागी कोण, याचा विचारच कोणी केला नव्हता. प्रवीण कुमारने जीव तोडून पाच बळी काढले, पण धोनीवर ग्लोव्हज काढून स्वतः गोलंदाजी करायची वेळ आली आणि यष्टीमागे द्रविड उभा राहिला. पुढे ओव्हलला सुट्टीवर गेलेल्या आर. पी. सिंगला बोलावून थेट सामन्यात उतरवलं. मालिका ०-४. अब्बा म्हणाले होते, एकाच खांबावर माडी बांधली की असंच होतं.

आमची माडीही एकाच खांबावर होती. सर नववी-दहावीचं गणित वीस वर्षं शिकवत आलेत, पण त्यांचं खरं काम शेवटच्या चाळीस दिवसांचं. त्यांच्याकडे एक वही असते. कोण कोणत्या पायरीला घसरतो, कोणाला प्रमेय येतं पण आकृती येत नाही, कोण घाबरून चिन्हं उलटी करतो, हे सगळं तिच्यात. पूर्वपरीक्षेत चाळीसपैकी नऊ-दहा गुण मिळवणारी पोरं ते मार्चपर्यंत काठावर आणून सोडतात. दहावी नापास झालेल्या मुलीचं पुढे काय होतं आणि मुलाला कोणत्या गॅरेजवर लावलं जातं, हे आमच्या वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. म्हणून सरांकडे आम्ही बुमराकडे बघावं तसं बघायचो. बार्बाडोसला २०२४ च्या अंतिम सामन्यात आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हवे होते, आणि बुमराने अठराव्या षटकात दोन धावा देऊन एक बळी घेतला. सर हे काम दरवर्षी करतात, फक्त टीव्हीवर दिसत नाहीत.

अमेरिकेत माझा एक मावसभाऊ आहे. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो बेसबॉलवर घसरला. तिकडे शेवटच्या डावात सामना बंद करायला म्हणून एक खास गोलंदाज ठेवतात, त्याला क्लोजर म्हणतात. न्यूयॉर्क यांकीजचा मारियानो रिव्हेरा हा त्यातला सगळ्यात मोठा. मे २०१२ मध्ये सरावाच्या वेळी उंच चेंडू पकडायला धावताना त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. त्याची जागा आधी डेव्हिड रॉबर्टसनला दिली. काही दिवसांतच तोही दुखावला. मग राफेल सोरियानोला पुढे केलं, त्याने ४२ सामने वाचवले आणि यांकीज आपल्या गटात पहिले आले. भाऊ म्हणाला, “आपा, पहिला पर्याय चालेलच असं नाही.”

आमचा पहिला पर्याय चालला नाही. आठवीचं गणित शिकवणारे एक तरुण सर आहेत, हुशार, एमएस्सी झालेले. त्यांना सांगितलं, आता दहावी तुमची. सगळी. पहिल्याच आठवड्यात पोरं म्हणू लागली, “सर तो ऐसा नहीं पढाते थे.” पोरं वाईट नसतात, पण घाबरलेली असली की निर्दय होतात. चौथ्या दिवशी ते सर मधल्या सुट्टीत डबा न उघडता बसले होते. संस्थेकडे बदली शिक्षक मागितला होता, त्याचं काय झालं ते विचारू नका.

मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही बसलो. कोण बोललं आठवत नाही, पण प्रश्न असा निघाला, की सरांच्या जागी कोण हे विचारण्याऐवजी सर नक्की काय काय करतात ते लिहून काढू. लिहायला लागलो तर एका माणसात सहा माणसांची कामं निघाली. बीजगणिताची समीकरणं तरुण सरांकडेच ठेवली, पण फक्त तीच. भौमितिक रचना, म्हणजे कंपास घेऊन स्पर्शिका काढायचं काम, चित्रकलेच्या सरांनी मागून घेतलं. त्यांची रेघ आमच्यातल्या कोणाहीपेक्षा स्वच्छ. आर्थिक नियोजनाच्या धड्यात जीएसटी आणि शेअर्स असतात. ते आमच्या ऑफिसातल्या क्लार्कभाऊंनी घेतलं, ते बीकॉम आहेत. त्यांनी पहिल्या दिवशी खिशातून किराणा दुकानाचं खरं बिल काढलं आणि वर्ग एकदम गप्प झाला. विज्ञानाच्या मॅडमनी त्रिकोणमिती घेतली.

राहिले इबारती सवाल. शाब्दिक उदाहरणं. ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, मी भाषेची बाई, मला काय कळतंय? तेव्हा तरुण सर हसले, बऱ्याच दिवसांनी, आणि म्हणाले, “मॅडम, गहुंजेचा सामना आठवा.”

३१ जानेवारीला आमच्याच पुण्यात, गहुंजेच्या मैदानावर, शिवम दुबेच्या हेल्मेटला चेंडू लागला आणि त्याच्या जागी हर्षित राणा आला. फलंदाजी करणारा अष्टपैलू गेला आणि आला वेगवान गोलंदाज. त्याने पदार्पणातच तीन बळी घेतले, भारत १५ धावांनी जिंकला, आणि इंग्लंडचा बटलर सामन्यानंतर म्हणाला की ही बदली समान नव्हती. त्याचं म्हणणं मला पटलंच होतं. गणिताच्या सरांच्या जागी उर्दूची बाई, यावर तर बटलरने खुर्चीच फेकली असती.

पण सरांची वही बघितली तेव्हा एक गोष्ट दिसली. इबारती सवालात घसरणाऱ्या चौदापैकी निम्म्या पोरांच्या नावापुढे सरांनी एकच शब्द लिहिला होता, ‘पढता नहीं’. म्हणजे अभ्यास करत नाही असं नव्हे. वाक्यच वाचत नाही. ‘पाच वर्षांपूर्वी वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट होतं’ यात ‘पूर्वी’ कुठे लागतं आणि ‘होतं’ कुठे, हे त्यांना कळत नव्हतं. घरी दखनी, पुस्तकात मुसल्लस आणि जाविया, ट्यूशनला ट्रँगल आणि अँगल, आणि रस्त्यावर मराठी. मी तीन आठवडे गणित सोडवलंच नाही. फक्त उदाहरण तीनदा वाचायचं आणि आपल्या बोलीत शेजारणीला सांगितल्यासारखं सांगायचं. क्ष कोण आहे ते सांगा, पुढचं तरुण सर करतील.

११ फेब्रुवारीला क्रिकेट बोर्डाने जाहीर केलं, बुमरा चॅम्पियन्स ट्रॉफीत नाही, त्याच्या जागी हर्षित राणा. सिराजला आधीच घेतलेलं नव्हतं. राहिला शमी, आणि तो स्वतःच चौदा महिन्यांच्या दुखापतीतून उठून आलेला. त्याचीही गोष्ट गहुंजेतूनच जाते. २०२३ च्या विश्वचषकात, १९ ऑक्टोबरला बांगलादेशविरुद्ध इथेच हार्दिक पंड्याचा घोटा मुरगळला आणि ते षटक कोहलीने पुरं केलं. तोवर बाहेर बसलेला शमी पुढच्या सामन्यात संघात आला आणि सात सामन्यांत २४ बळी घेऊन गेला. पुण्यात कुणीतरी पडतं आणि दुसऱ्या कुणाचं नशीब उघडतं, असं आमचे चित्रकलेचे सर म्हणतात.

दुबईत मग जे झालं ते तुम्ही पाहिलंच असेल. बुमराची जागा कोणी एकाने घेतली नाही. बांगलादेशविरुद्ध शमीने पाच काढले. पाकिस्तानविरुद्ध त्याच शमीचं पहिलं षटक अकरा चेंडूंचं झालं, पाच वाइड. न्यूझीलंडविरुद्ध राणाला बसवून वरुण चक्रवर्तीला आणलं, त्याने पाच घेतले. खेळपट्टी संथ आहे म्हटल्यावर शेवटची षटकं वेगवान गोलंदाजाने टाकायची हा हट्टच सोडून दिला. अंतिम सामन्यात ५० पैकी ३८ षटकं फिरकीची. सगळे सामने एकाच मैदानावर खेळायला मिळाले हा फायदा होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. आम्हालाही आमच्याच शाळेचं केंद्र मिळालं होतं.

२ मार्चला पहिला रोजा. सरांना औषधं दिवसातून तीन वेळा, त्यामुळे त्यांचे रोजे सुटले. मी भेटायला गेले तेव्हा शेजारच्या एक खाला आल्या होत्या. सरांच्या हातातला पाण्याचा ग्लास बघून म्हणाल्या, “मास्टरसाब, रोजा नहीं?” सरांनी ग्लास खाली ठेवला, गोळी तशीच मुठीत. दोनच दिवसांनी उपांत्य सामन्यात शमी सीमारेषेवर पाणी प्यायला आणि एका मौलानांनी त्याला गुन्हेगार ठरवलं. आजारी आणि मुसाफिराला सवलत आहे, राहिलेले रोजे नंतर ठेवता येतात, हे आपल्याकडे लहान पोरालाही शिकवतात. पण दुसऱ्याच्या ग्लासाकडे बघताना ते कोणाला आठवत नाही. २०२१ मध्ये पाकिस्तानविरुद्ध हरलो तेव्हा याच शमीला दुसऱ्या बाजूने शिव्या पडल्या होत्या. जायबंदी घोट्यावर माणूस दोन्हीकडचं ओझं वाहतो आणि वर यॉर्करही टाकतो.

परीक्षा झाली, ट्रॉफी आली, ईद झाली. १३ मेला निकाल लागला. गणितात दोघं राहिले. दरवर्षीही एक-दोघं राहतातच. आनंदाने मी सरांना फोन केला, यादी वाचून दाखवली. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “यानी मेरे बगैर हो गया.”

मला काय बोलावं सुचेना. मला २३ फेब्रुवारीचं चित्र आठवलं. पाकिस्तानच्या सामन्याआधी बुमरा दुबईत आला होता, आयसीसीचे पुरस्कार घ्यायला. वर्षातला सर्वोत्तम खेळाडू तो. सगळ्यांना मिठ्या मारत, हसत फिरत होता, आणि सामना सुरू झाल्यावर गोलंदाजी दुसरे करत होते. त्याला आत काय वाटलं असेल याचा विचार त्या दिवशी मी केला नव्हता. मी म्हटलं, “सर, आपकी वही नसती तर आम्हाला नावंसुद्धा कळली नसती.” ते खरंच होतं, पण सांत्वनासारखं ऐकू आलं.

सर जूनमध्ये परत आले, कमरेला पट्टा लावून, खुर्चीवर बसून शिकवतात. राहिलेल्या दोघांना पुरवणी परीक्षेसाठी त्यांनी घरी बोलावून बसवलं. नववी आता तरुण सरांकडे आहे.

आणि इंग्लंडचा दौरा सुरू झाला. बुमरा पाचपैकी तीनच कसोटी खेळणार हे आधीच ठरलेलं. तो नव्हता ती एजबॅस्टन कसोटी आपण जिंकलो, आकाशदीपने सामन्यात दहा बळी घेतले. तो नव्हता ती ओव्हलची कसोटीही जिंकलो. ४ ऑगस्टला, सोमवारी दुपारी, स्टाफरूममध्ये क्लार्कभाऊंच्या फोनभोवती सगळे गोळा झालो होतो. खांदा निखळलेला वोक्स एक हात स्वेटरमध्ये बांधून नॉनस्ट्रायकरला उभा, आणि सिराजने, ज्याला फेब्रुवारीत घेतलंच नव्हतं त्या सिराजने, ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवला. सहा धावांनी. चित्रकलेच्या सरांनी टेबलावर हात आपटला आणि कोणीतरी म्हणालं, “बघा, बुमरा नसला की आपण जिंकतो!”

“ऐसा मत बोलो,” सर एकदम म्हणाले. आवाज जरा चढलाच. खोली गप्प झाली. मग स्वतःच थोडे ओशाळले, पट्टा नीट केला आणि टेबलावरून वही उचलून माझ्यापुढे सरकवली. नव्या दहावीची. पहिल्या पानावर अकरा नावं होती.

“इबारती सवाल,” ते म्हणाले. “ये आपके.”

शेवटच्या तासाची घंटा झाली तशी मी खडू घेऊन निघाले.