हातमोजे काढताना

वयाने हात मंदावला की आपल्या बोलण्याकडे लक्ष जातं. बाईच्या कपाळावर आठी न उमटू देता बायोप्सीचा तुकडा घेता येणं, याचा आम्हां स्त्रीरोगतज्ज्ञांना ताठा असतो, मलाही आहे. त्याच ताठ्यात हातमोजे उतरवता उतरवता आम्ही जबलपुरी हिंदीत सांगून मोकळे होतो, "कुछ नहीं होगा, बाई." गर्भाशयमुखाच्या तपासणीत याइतकं घातक वाक्य नाही. नुसत्या ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीनंतर ते खरं ठरतं: जरा चुरचुरतं, बाई उठून कामाला जाते. पॅप स्मिअरनंतर एखाद-दोन दिवस लाल ठिपका दिसला तर दिसला. पण बायोप्सीनंतर रक्त थांबवायला मॉन्सेलची पेस्ट लावली, तर अंगावरून चहाच्या चोथ्यासारखं काळपट जातं. थर्मल ॲब्लेशननंतर, म्हणजे दोष असलेला भाग उष्णतेने जाळल्यावर, काही आठवडे पाणी जातं. 'काही होणार नाही' ऐकून गेलेली बाई पॅडवर तो चोथा पाहते आणि ठरवते, डॉक्टरांनी काहीतरी बिघडवलं. मग ती रिपोर्टलाही फिरकत नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून अधिक बायकांवर झालेल्या अभ्यासात एका एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्याजवळ आले, ते दोष सापडलेल्यांचे पुढचे उपचार झाले म्हणून. किती तपासल्या याचे आकडे मिरवणाऱ्या शिबिरांना परत किती आल्या, हे कोणी विचारत नाही.

आधीच भेदरलेल्या बाईला एवढं सांगितलं तर ती पळेल, असं सहकारी म्हणतात. पण बाळंतपणानंतर अंगावरून किती दिवस जातं हे घरोघरी ठाऊक असतं, म्हणून त्याला कोणी भीत नाही. दुसरा पक्ष सावधगिरीचा: सरसकट आठ दिवस आराम सांगा. बिड्या वळणाऱ्या बाईची आठ दिवसांची मजुरी आपण बुडवली, तर पाच वर्षांनी ती पुन्हा तपासणीला येईल कशाला? सांगायचं ते एवढंच: बायोप्सीनंतर साधारण आठवडाभर, ॲब्लेशननंतर चार आठवडे संबंध नकोत, आत पाणी मारून धुणं नको. घरचं काम झेपेल तसं. यातलं पहिलं पथ्य एकट्या बायकोला सांगून पाळलं जात नाही. तिची हरकत नसेल, तर बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला आत बोलवावं लागतं, आणि तिथे माझी अजूनही जीभ अडखळते.

ताप, दुर्गंधी, ओटीपोटात वाढती कळ किंवा तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि टेबलावरून उतरण्याआधी डॉक्टरांना विचारा: आज नुसतं पाहिलंत, की तुकडा घेतलात?