धुरकऱ्याची कंबर

घाटंजीच्या बाजूला आमच्या शेताकडे जाणारी पांदण दिवाळीनंतर दगडासारखी होते. पावसाळ्यात काळ्या मातीत बंड्यांच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडतात, ऑक्टोबरच्या उन्हात त्या तशाच्या तशा वाळतात, आणि पुढच्या पावसापर्यंत चाकाला तेवढीच वाट राहते. चाकोरी सोडण्याबद्दल शहरात लोक फार सहज बोलतात. कापसानं भरलेल्या बंडीचं चाक चाकोरीतून काठावर चढतं तेव्हाचा हिसका ज्यानं मणक्यात घेतलाय, त्याला ते इतकं सहज बोलता येत नाही. माझ्या बाबांनी तो तीस वर्षं घेतला. पहाटे खाटेवरून उठताना ते आधी कुशीवर वळतात, हाताचा टेकू घेतात आणि मग बसते होतात.

2018 साली मी यवतमाळला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्टचा विषय शोधत असताना मामा घरी आले होते. मामा मेकॅनाइज्ड इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. नगरला शिकून पुढं बरीच वर्षं बीएमपी, म्हणजे सैनिकांना नेणारी चिलखती गाडी, चालवलेले. त्यांचीही कंबर गेलेली. मी विचारलं, गाडी रेतीत आणखी जोरात का पळवत नव्हता? ते म्हणाले, "इंजन तं पळते बाई. मांगं बसलेल्या पोरायचं काय? उतरल्यावर त्यायले लढा लागते ना."

हे वाक्य घेऊन मी कॉलेजच्या लायब्ररीत बसले आणि थक्क झाले. अमेरिकी सैन्याच्या संशोधकांनी 1960च्या दशकातच हे मोजून ठेवलं होतं. खडबडीत जमिनीवर बसलेल्या माणसाच्या शरीरात किती शक्ती मुरते ते त्यांनी वॅटमध्ये काढलं. साधारण 6 वॅटच्या पुढं गेलं की चालक आपणहून वेग कमी करतो. शेकडो अश्वशक्तीचं इंजिन आणि मर्यादा 6 वॅटची! उभ्या दिशेच्या हादऱ्यांत माणसाचं शरीर सेकंदाला 4 ते 8 वेळा येणाऱ्या हादऱ्यांना सगळ्यांत हळवं असतं, हेही तिथंच वाचलं. तेव्हापासून मला हा विषय गाडीचा वाटेनासा झाला. तो आत बसलेल्या माणसाचा होता.

अडचण अशी की शॉकअप एकदा बनवला की त्याचा स्वभाव ठरतो. मऊ ठेवला तर लहान खड्डे पोटात घेतो, पण मोठ्या उंचवट्यावर गाडी डोलत राहते आणि शेवटी लोखंड लोखंडावर आपटतं. कडक ठेवला तर गाडी स्थिर राहते, पण प्रत्येक ढेकूळ थेट मणक्यात येतं. सडकेवर जमिनीचा अंदाज असतो, म्हणून मधला मार्ग काढता येतो. सैन्याच्या गाडीला सकाळी डांबर, दुपारी वाळू आणि संध्याकाळी नाला. तिथं शॉकअपनं क्षणाक्षणाला स्वभाव बदलायला हवा.

1974 साली कार्नॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक सुंदर कल्पना मांडली. समजा, गाडीचा सांगाडा शॉकअपनं थेट आभाळाला टांगलाय. मग खाली चाकं काहीही करोत, सांगाडा शांत राहील. आभाळाला खिळा ठोकता येत नाही, म्हणून संगणकाला तसं वागायला लावायचं. सांगाडा वर जातोय आणि चाकापासून लांब होतोय, तर शॉकअप कडक करून त्याला धरायचं. सांगाडा वर जातोय पण चाक त्याहून जोरात खालून ढकलतंय, तर लगेच सैल सोडायचं. नियम एवढाच, पण तो सेकंदाला शेकडो वेळा पाळायचा.

स्वभाव बदलणारा शॉकअप करायला मी तेलात लोखंडाची बारीक पूड घातली. जेकब रॅबिनो यांनी 1940च्या दशकात शोधलेली ही युक्ती. चुंबकीय क्षेत्र आलं की लोखंडाचे कण साखळ्या धरतात आणि तेल काही मिलिसेकंदांत घट्ट होतं. क्षेत्र गेलं की पुन्हा पातळ. 2002 मध्ये कॅडिलॅकच्या मोटारीत असे शॉकअप विक्रीला आले. माझा मोटारसायकलच्या जुन्या शॉकअपमधून केलेला होता. आर्णी रोडवरच्या वायंडिंगवाल्या काकांनी पिस्टनवर तांब्याची तार गुंडाळून दिली. पंपाच्या मोटारी भरणारे ते हात. तार हातात घेऊन किती वेढे बसतील ते त्यांनी मोजायच्या आधीच सांगितलं होतं.

प्रोजेक्टच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी पिस्टन हलेना. रात्रभरात लोखंड तळाशी बसून त्याचा गोळा झाला होता. मी रडकुंडीला आले. उलटंपालटं करून, हलवून कसाबसा मोकळा केला आणि निभावलं, पण सुट्टीत पुन्हा खोलला तेव्हा दांड्यावर कणांनी ओढलेले ओरखडे दिसले आणि सील फाटलेलं. तेलात थोडं ग्रीस मिसळलं की कण तरंगते राहतात, हे नंतर कळलं. सैन्याची गाडी तर महिनोन्महिने शेडमध्ये उभी राहते आणि एका पहाटे अचानक निघावं लागतं. त्या सकाळी पिस्टन अडकला तर काय, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

त्याच सुट्टीत मामा मला नगरचं रणगाडा संग्रहालय दाखवायला घेऊन गेले. लोक तोफांपाशी फोटो काढत होते. आम्ही दोघं वाकून चाकांकडं बघत होतो. विजयंता रणगाड्याच्या पोटाखाली आडवे पोलादी दांडे. चाक वर उचललं गेलं की दांडा पिळला जातो. मामांच्या बीएमपीतही तेच. पिळाचा कडकपणा कारखान्यात ठरलेला. 'अर्जुन' रणगाड्यात दांड्याऐवजी वायू आणि तेल आहे. वायू सुरुवातीला हळुवार दबतो आणि जितका दबेल तितका कडक होत जातो. संगणकाशिवायच त्याला थोडी समज असते. नगरच्याच व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेनं टाटा मोटर्ससोबत सैन्यासाठी आठ चाकांची 'व्हॅप' गाडी घडवली आहे. अशा गाडीचा विचार करताना मला एक गोष्ट फार आवडते. पहिलं चाक खड्ड्यात गेलं की मागच्या तिघांना निरोप देता येतो. दोन आसांत दीड मीटर अंतर धरलं, वेग ताशी 36 किलोमीटर, तर मागच्या चाकाकडं 0.15 सेकंद असतात. संगणकाला तेवढे पुष्कळ झाले.

मग पुढच्या चाकाला कोण सांगणार? 2013 मध्ये मर्सिडीजनं काचेमागं कॅमेरे लावून सडक आधीच वाचायची सोय केली. पण रणगाड्यापुढं धुळीचा लोट असतो, रात्री दिवे बंद असतात.

याचं उत्तर मला पांदणीवर दिसलं. त्या दिवाळीत मी एक मोबाइल बंडीच्या फळीला घट्ट बांधला आणि दुसरा बाबांच्या कमरेला शेल्यानं. दोन्हीतला हादरे मोजणारा सेन्सर सुरू ठेवला. बाबा धुरीवर बसले, बैल निघाले. नाल्याजवळ चाकोरी जिथं तुटते तिथं फळीच्या आलेखात मोठा सुळका आला. बाबांच्या आलेखात त्याच जागी जेमतेम चढ. मी व्हिडिओ परत परत पाहिला. काठ यायच्या क्षणभर आधी बाबा दोन्ही हात धुरीवर टेकवून, गुडघ्यात वाकून, बूड वीतभर उचलत होते. विचारलं तर त्यांना ते माहीतही नव्हतं.

"मी उठतो? काहून उठीन?"

संध्याकाळी अंधार पडल्यावर कापूस भरून त्याच वाटेनं परत आलो. मोबाइल तसेच बांधलेले होते. नाल्यापाशी बंडी आदळली, बाबांच्या तोंडून 'आई गं' निघालं आणि बैल थबकले. घरी कंदिलाशेजारी आलेख उघडले. त्या जागी दोन्ही सुळके सारखेच उंच होते.

बाबा खाटेवर कुशीला वळून माझ्या खांद्यावरून बघत होते. "दिसलं असतं तं उठलो असतो ना माय," ते म्हणाले.