इंद्रायणीच्या खोऱ्यातील एक नमस्कार

पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली आणि तेव्हापासून आमच्या दुकानाचा व्यवहार तिच्याच वेळापत्रकावर चालत आला. पुण्याच्या पेठेत खरेदी करावी, परतीच्या गाडीत पावत्या गुडघ्यावर मांडून हिशेब जुळवावा आणि कामशेत आले की कागद आवरावेत, हा माझा वर्षानुवर्षांचा क्रम. कामशेतच्या फलाटावर मात्र मी कधी उतरलो नव्हतो. त्या गावापासून जवळच, पाले गावच्या डोंगरात, आपल्या समाजाने आवर्जून पाहावे असे काही आहे, हे मला साठी उलटल्यावर कळले. त्याची थोडी लाजही वाटली.

चातुर्मास संपल्यावर एका रविवारी बाई, म्हणजे माझ्या मातोश्री, आणि चुलतबंधू भाऊ यांच्यासह आम्ही निघालो. भाऊंचे घर पुण्यात असल्यामुळे गाडी शिवाजीनगरला पकडली. हिशेबाचे कागद बरोबर नव्हते, म्हणून खिडकीतून खोरे प्रथमच नीट पाहिले.

देहूरोड मागे पडले. तेथून थोड्याच अंतरावर इंद्रायणीकाठी देहू आहे. तुकाराम महाराज वाण्याचा व्यवसाय करीत, घरात सावकारीही होती. त्यांनी कर्जखते धाकट्या भावाशी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. ही कथा कीर्तनात ऐकायला गोड वाटते. उधारीची वही उघडताना आठवली की जरा जड जाते.

पुढे घोरावडी. तेथल्या डोंगरात शेलारवाडीची बौद्ध लेणी आहेत. लोक त्यांना घोरावडेश्वर म्हणून ओळखतात. तेथील एका प्राकृत लेखात धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या शेतकऱ्याच्या पत्नीने, सियागुतणिकेने, मुलासह लेणे दान दिल्याची नोंद आहे. ‘उसभ’ म्हणजे ऋषभ. नाव ऐकताच भाऊंचे कान टवकारले. परंतु नावावरून धर्म ठरत नाही, हे त्यांना सांगावे लागले. तळेगावला पैसा फंडाच्या काच कारखान्याची आठवण निघाली. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या निधीतून, लोकमान्यांच्या पाठिंब्याने १९०८ साली तो सुरू झाला. वडगाव आले, १७७९ च्या लढाईचे आणि तहाचे. मग कामशेत.

तेथून रिक्षाने नाणे मावळातील पाले गाठले. बाईंचे गुडघे चढणीला तयार नव्हते. त्या पायथ्याशी झाडाच्या सावलीत माळ घेऊन बसल्या आणि आम्ही दोघे वाळक्या गवतातून वर गेलो. कार्ल्याची भव्यता डोळ्यांसमोर ठेवून येणाऱ्याची येथे निराशाच होईल. लेणे लहान आणि साधे आहे. ना शिखर, ना मूर्तींची आरास. मात्र भिंतीवर ब्राह्मी अक्षरे कोरलेली आहेत आणि त्यांचा आरंभ आहे ‘नमो अरहंतानं’.

नवकाराचे पहिले पद आपण दिवसातून कितीदा म्हणतो! तेच शब्द खडकावर पाहताना भाऊंचे हात आपोआप जोडले गेले, माझेही. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी हा लेख वाचून प्रसिद्ध केला. अक्षरवळणावरून तो इसवी सनापूर्वीचा मानला जातो. भदंत इंद्ररक्षित यांनी लेणे करविले आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाकेही करविले, एवढाच त्याचा विषय. या दोन्ही अभ्यासकांनी तो जैन मानला; तसे असेल तर महाराष्ट्रातील अतिप्राचीन जैन लेखांत त्याची गणना होते. ओरिसातील उदयगिरीवर राजा खारवेलाच्या हाथीगुंफा लेखाचा प्रारंभही अरिहंतांच्या नमस्कारानेच होतो.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘अरहंत’ आणि ‘भदंत’ हे शब्द बौद्धांनीही आदराने वापरले आहेत आणि भोवतालचे भाजे, कार्ले, बेडसे हे सारे लेणीसमूह बौद्ध आहेत.

भाऊंना हे रुचले नाही. “इथे संगमरवरी फरशी घालू, मोठी पाटी लावू. आपले म्हणून जगाला कळायला नको का?” असे ते म्हणाले. भावना शुद्ध होती, हे मी जाणतो. आपल्या समाजात दानाला हात मागे राहत नाही, आणि त्याच उत्साहात आपण काही जुन्या मंदिरांचे मूळ दगड टाइल्सखाली झाकून टाकले, हेही मी पाहिले आहे. मी म्हणालो, “भाऊ, ही अक्षरे दोन हजार वर्षे कोणाच्याही पाटीवाचून टिकली. त्यांना हात लागला नाही, हीच त्यांची रक्षा.”

त्यावर त्यांनी कार्ल्याचा दाखला दिला. तो त्यांचा मुद्दा सबळ होता. मळवली स्टेशनवरून जाता येते त्या कार्ल्याच्या चैत्यगृहाचे श्रेय लेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीला दिले आहे, आणि ते जंबुद्वीपात उत्तम असल्याचेही तेथेच कोरले आहे. आपल्या मालाची तारीफ करण्याची व्यापाऱ्याची सवय तेव्हाचीच! बेडशालाही नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुसणक याने आपले नाव दानासह कोरविले. “मग आपणच का गप्प राहायचे?” भाऊंनी विचारले. ते आपण केलेल्या कामाखाली नाव घालत होते, मी म्हणालो; आपण दुसऱ्याच्या कामाखाली घालणार. भाऊ बोलले नाहीत. पटले असे मात्र मी म्हणणार नाही.

खाली आलो तेव्हा बाईंची माळ संपली होती. मी लेखातील मजकूर सांगितला. अरिहंतांचे नाव ऐकून त्यांनी डोळे मिटले, पण प्रश्न वेगळाच विचारला.

“पाण्याची सोय करणाऱ्याचे नाव काय होते रे?”

“इंद्ररक्षित.”

त्यांनी ते नाव स्वतःशी दोनदा उच्चारले, उकळलेल्या पाण्याची बाटली भाऊंच्या हाती दिली आणि रिक्षा बोलवायला सांगितले. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवण उरकायचे होते.