पालक आणि पंक्तिप्रपंच

पालक शिजविण्यांत कसली आली आहे विद्या, असें पुष्कळ भगिनींना वाटेल. जुडी आणावी, निवडावी, उकडावी, फोडणीस टाकावी, झालें! परंतु उकडलेल्या पालकाचें पाणी ठेवावें कीं टाकावें, या साध्या प्रश्नाचें उत्तर भाजीकडे पाहून देतां येत नाहीं. तें खाणाऱ्याकडे पाहून द्यावें लागतें.

आमच्या धाकट्या जाऊबाईंना दिवस गेले आहेत, आणि मामंजींना मुतखड्याचा विकार आहे. पालकाची आवड मात्र दोघांनाहि सारखीच. एकीसाठीं त्यांतलें सत्त्व राखावयाचें, दुसऱ्यासाठीं त्यांतला दोष घालवावयाचा; आणि हीं दोन कामें एका पातेल्यांत होत नाहींत.

तें सत्त्व म्हणजे फोलेट. गर्भाच्या मेंदूची व कण्याची घडण नीट होण्यास तें अवश्य लागतें. त्याचा माग प्रथम लागला तो आपल्या मुंबईस. लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाई १९२८ सालीं तेथें आल्या व गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा त्यांनीं अभ्यास केला. यीस्टच्या अर्कानें तो बरा होतो, हें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १९४१ सालीं अमेरिकेंत तें द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें, आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचें नांव पडलें. डॉक्टरांनीं दिलेल्या गोळीची जागा भाजी घेत नाहीं, हें खरें. तथापि हातचें सत्त्व मोरींत कां जाऊं द्यावें? फोलेट पाण्यांत विरघळतें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, पाण्यांत उकडलेल्या पालकांत तें जवळजवळ निम्मेंच उरलें. साडेचार मिनिटें वाफविलेल्या पालकांत मात्र लक्षांत येण्याजोगी घट झाली नाहीं.

मामंजींची गोष्ट नेमकी उलट. पालकांत ऑक्झलेट फार, आणि मुतखडे बहुधा कॅल्शियम व ऑक्झलेट यांच्या संयोगानेंच बनतात. २००५ सालच्या एका प्रयोगांत निरनिराळ्या भाज्या उकडल्यानें त्यांतलें विरघळणारें ऑक्झलेट शेंकडा ३० ते ८७ कमी झालें. वाफविल्यानें शेंकडा ५ ते ५३. म्हणजे जें पाणी एकीचें धन घेऊन जातें, तेंच दुसऱ्याचें संकटहि वाहून नेतें!

मी करतें ती रीत अशी. पालक परातभर पाण्यांत बुडवून पानें वर उचलून घ्यावीं. पाणी ओतूं नये. तसें केल्यास खालीं बसलेली माती पुन्हां पानांवर येते. तळाशीं रेती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदलावें. मोदकपात्रांत पाणी खळखळूं लागलें कीं चाळणीवर आधीं जाड देंठ, मिनिटभरानें पानें पसरून झांकण घालावें. तीन मिनिटांत पानें मऊ पडतात व रंग हिरवागार राहतो. लगेच ताटांत पसरावीं, नाहींतर अंगच्या उष्णतेनेंच तीं शिजत राहतात. वर मीठ आणि तूप-जिऱ्याची फोडणी. लिंबानें लोह अंगीं लागण्यास मदत होते. परंतु आंबटानें रंग मळकट होतो, म्हणून तें जेवतांनाच पिळावें.

मामंजींचा वांटा मी भरपूर पाण्यांत उकडून, पाणी टाकून, दह्यांत कालवितें. दह्यांतलें कॅल्शियम ऑक्झलेटला आंतड्यांतच बांधून ठेवतें. डॉक्टरांनीं त्यांना पालक क्वचित् व थोडाच सांगितला आहे, म्हणून वाटीहि लहान.

सासूबाईंना हें रुचलें नाहीं. "एका पंगतींत एकाच भाजीच्या दोन तऱ्हा? असला पंक्तिप्रपंच आमच्या वेळीं नव्हता हो," त्या म्हणाल्या. मीं हळूच म्हटलें, "माझ्या बाळंतपणांत आपण मला आळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू देत होतां, तेव्हां तें इतरांच्या ताटांत कुठें होतें?" त्या क्षणभर थांबल्या, आणि मामंजींच्या वाटींत दही त्यांनीं स्वतः घातलें.

मायेंत भेद केला तर तो पंक्तिप्रपंच. गरजेंतला भेद ओळखणें हा गृहिणीचा धर्मच आहे. एकत्र कुटुंबांत चूल एक असली, तरी प्रकृति तितक्या निराळ्या असतात. म्हणून ज्या घरीं असें दुखणें किंवा असें सुख असेल, तेथल्या भगिनींनीं दुसरें पातेलें चढविण्याचा कंटाळा करूं नये. काम अवघें दहा मिनिटांचें आहे.